कंबर तीस

कंबर तीस, असं मी माझ्या हाताने लिहिलं. टेप लावली नाही, आरशात बघितलं नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये उजव्या हातात पराठ्याचा घास होता आणि डाव्या अंगठ्याने मी फॉर्म भरत होते.

फॉर्म आमच्या बायकांच्या ग्रुपवर आला होता. मंगळागौरीच्या खेळांसाठी आम्हा बारा जणींच्या नऊवाऱ्या पुण्याहून शिवून येणार होत्या. नऊवारी नेसणं आता फारसं कुणाला येत नाही, म्हणून हल्ली ती शिवलेलीच मिळते. निऱ्या आणि काष्टा आधीच शिवलेला असतो, सलवारीसारखी पायांत चढवायची आणि कंबरेला हूक लावायचे. सोय मोठी आहे, पण माप मात्र खरं द्यावं लागतं. साध्या साडीला तुमची कंबर किती हे कळायचं कारण नसतं. शिवलेल्या साडीला पहिल्या मिनिटात कळतं.

आणि मी कोण? दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात क्वालिटी बघणारी बाई. माझ्या टेबलावर तीन टेपा आणि एक स्टीलची पट्टी कायम असते. दोन मिलिमीटरच्या फरकासाठी मी माल परत पाठवते. सुपरवायझर कळवळून म्हणतो, "मॅडम, टू मिलिमीटर से क्या होता है?" मी म्हणते, "आज टू, कल ट्वेंटी." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

तीस हा आकडा अगदीच हवेतला नव्हता. लग्नाच्या वेळी सांगलीच्या शिंप्याच्या वहीत तो होता. त्यानंतर मला दोन मुलं झाली, दोन्ही ऑपरेशनने. मुलगी आता नऊ वर्षांची आहे आणि मुलगा चार. मुलीच्या वेळी आई दोन महिने इथे येऊन राहिली होती. तिने येताना तिची एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी आणली होती. टाके भरल्यावर ती रोज सकाळी त्या साडीने माझं पोट करकचून बांधायची आणि म्हणायची, "आत्ता कंटाळा केलास तर जन्मभर मिरवशील." मुलाच्या वेळी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिला येता आलं नाही. मग मी फार्मसीतून पट्टा आणला. तो चार दिवस बांधला, पाचव्या दिवशी कपाटात टाकला, आणि आईचे शब्द खरे करून दाखवले.

पुढे फिजिओथेरपिस्टने सांगितलं की पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, रोज व्यायाम करा. मी अडीच आठवडे केला. थोडक्यात काय, भाडेकरू दोघेही गेले, पण खोली तेवढीच राहिली. ती पुढे आली आहे, टाक्यांच्या वर एक घडी घालून बसते, आणि मी जिना उतरले की माझ्यानंतर अर्ध्या सेकंदाने उतरते. मुलाला ती फार आवडते. तो दुपारी झोपताना हात आत घालून कणकेसारखी मळतो आणि दोन मिनिटांत गाढ झोपतो. घरात त्या पोटाची तारीफ करणारा तो एकटाच.

बाकी माझा सगळा जन्म ते झाकण्यात चाललेला. कपड्यांच्या दुकानात मी रंग आणि कापड नंतर बघते, आधी घेर बघते. छातीखाली चुण्या असलेला कुर्ता दिसला की तो माझा, मग तो पडद्याच्या कापडाचा का असेना. गडद निळा, काळा, गडद हिरवा असे माझे तीनच ऋतू. ओढणी उन्हासाठी नसते, पोटासाठी असते. मीटिंगला जाताना फाइल पोटाशी धरायची आणि फोटोत मुलाला पुढे उभं करायचं. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत आमच्या एकाही फोटोत माझी कंबर नाही. एकदा मॉलमध्ये मी पोट दाबणारी ती अंतर्वस्त्रं घालून बघितली. चढली कशीबशी, पण उतरेनात. बाहेर नवरा विचारतोय, "झालं का?" आणि आत मी एका पायावर उड्या मारतेय. शेवटी घातली तशीच, लेबल हातात घेऊन, काउंटरवर पैसे भरून घरी आले.

मेट्रोत बायकांच्या डब्यात एक फिलिपिनो मुलगी चटकन उठली आणि मला जागा देऊन प्रेमाने म्हणाली, "हाऊ मेनी मंथ्स, मॅम?" पहिल्यांदा असं कुणी विचारलं तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. या वेळी पाय दुखत होते. "फाइव्ह," म्हणाले आणि बसले. चार स्टेशनं मस्त बसून गेले.

एवढी झाकाझाक करणारी बाई मंगळागौरीला स्टेजवर कशी उभी राहिली, असं कुणी विचारेल. त्याचं कारण फुगडी. सांगलीला आमच्या आळीत माझ्या फुगडीला तोड नव्हती. समोरची रडकुंडीला यायची पण माझे पाय थांबायचे नाहीत. बर दुबई भागात मराठी जेवणाचे डबे पुरवणाऱ्या आमच्या ताईंनी बारा जणी जमवायला घेतल्या, तेव्हा मी पहिल्या झटक्यात हो म्हटलं. महिनाभर दर शनिवारी ताईंच्या हॉलमध्ये आमची प्रॅक्टिस चालली. ढगळ टी-शर्टात सगळं ठीक चाललं होतं. मुलगी दर वेळी सोबत यायची, कोपऱ्यात बसून मोजायची आणि घरी येऊन बाबाला सांगायची, "आई डिड फोर्टी-टू राउंड्स!" तिचा तो अभिमान बघून मी आणखी जोरात गिरकी घ्यायची.

फॉर्म भरला त्याच आठवड्यातली गोष्ट. सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टला तिन्ही बाजूंनी आरसे आहेत. दार बंद झालं की माझं पोट आपोआप आत जातं. हे मी करत नाही, ते होतं. त्या दिवशी मुलीला स्विमिंगहून घेऊन येत होते. दार बंद झालं, पोट आत गेलं आणि सहज शेजारी नजर गेली. मुलगीही उभी होती, खांदे वर, श्वास रोखलेला, पोट पाठीला चिकटलेलं. नऊ वर्षांची काडी ती. आत घ्यायला तिच्याकडे पोट होतंच कुठे?

"काय करतेयस?" मी विचारलं.

"नथिंग," ती म्हणाली. "दॅट्स हाऊ यू स्टँड इन द लिफ्ट."

तिला हे कुणी शिकवलं, असा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. नऊ वर्षं रोज दोन वेळा या लिफ्टमध्ये शिकवणी चालली होती आणि मास्तरीण मीच होते. तिला काहीतरी बोलावं, असं वाटलं. पण बोलणार काय? पोट आत धरूनच बोलणार होते मी. सातवा मजला आला, आम्ही उतरलो, आणि तो विषय मी मनाआड ढकलून दिला.

मंगळागौर श्रावणातली, पण इथला श्रावण हॉल मिळेल तेव्हा. आम्हाला हॉल सप्टेंबरातल्या एका रविवारी मिळाला. नऊवाऱ्या एका मैत्रिणीच्या भावाच्या सामानातून आल्या, त्याही आदल्या गुरुवारी. शुक्रवारी संध्याकाळी ताईंकडे वाटप झालं. जांभळ्या साड्या, डाळिंबी काठ, डोळे निवले. एकेक जण आतल्या खोलीत जाऊन घालून बघत होती आणि बाहेर येत होती.

"परफेक्ट!" पहिली म्हणाली.

"खलास, एकदम फिट!" दुसरी.

ताईही आत गेल्या आणि आल्या. "माझी तर अंगावर शिवल्यासारखी बसली गं!"

मी आत गेले. साडी मांडीपर्यंत चढली. पुढे तिला ओढत, विनवत, श्वास सोडून आणखी सोडून मी ती कंबरेपर्यंत आणली. हूक आणि काज एकमेकांकडे बघत होते, आणि त्यांच्यामध्ये चांगली वीतभर मी होते. साडी काढली, घडी घातली, घाम पुसला आणि बाहेर येऊन म्हणाले, "छान बसली."

आता क्वालिटीवालीच्या नजरेतून एक गोष्ट सुटायला नको होती. बारा जणी आत गेल्या होत्या, पण साडी अंगात घालून एकच बाहेर आली होती. आमच्यातली सगळ्यात लहान, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली. बाकी अकरा जणी पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मला तेव्हा दुसऱ्यांकडे बघायची शुद्ध कुठे होती? मला वाटलं, सगळ्यांना झाली, एक मीच.

घरी येऊन मी मेसेज लिहिला: "ताई, पाठीत उसण भरलीय. रविवारी मला जमेल असं वाटत नाही." पाठवणार तेवढ्यात मुलगी खांद्यावरून डोकावली. तिला मराठी सावकाश वाचता येतं, दुर्दैवाने येतंच.

"उसण म्हणजे?"

"पाठ दुखते."

"बट युअर बॅक इज फाइन." तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इट डिडन्ट फिट?"

मी मेसेज पुसला. म्हटलं, उद्या सकाळी मीना बाजारला शिंपीकाम करणाऱ्या मास्टरजींकडे जाऊ. त्यांनी करून दिली तर नाचेन, नाहीतर नाही. एवढं साधं गणित होतं. नाचायला मिळालं नाही तर मला किती दुःख होईल, हे मी मोजलंच नव्हतं. ते रात्री कुशीवर वळताना कळलं, आणि रडू आलं.

मास्टरजींचं दुकान मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिन्याने वर. आम्ही दहाला पोचलो. नवरा मुलाला फुटबॉलला घेऊन गेला होता, म्हणून मुलगी माझ्याबरोबर होती. तिला बांगड्याही हव्या होत्या. मी पिशवीतून साडी काढली मात्र, मास्टरजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे, फिर वही? सुबह से ये पाँचवी है मॅडम. सब जामुनी, सब की कमर छोटी."

मागच्या फळीवर चार पिशव्या होत्या. त्याच जांभळ्या, त्याच डाळिंबी काठाच्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि ताई वर आल्या, गॉगल लावून.

"अगं, तू?" त्या म्हणाल्या. "मी जरा मॅचिंग धागा घ्यायला आले होते."

"मीसुद्धा," मी म्हणाले.

"ताईजी," मास्टरजी म्हणाले, "आपका भी कमर का ही है ना? फोन पे तो यही बोला था."

ताईंनी गॉगल काढला, स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. स्टूल करकरत होतं. मला आधी हसावं की नाही कळेना, मग मीही भिंतीला टेकून हसले, इतकी की टाक्यांच्या जागी दुखायला लागलं.

"किती लिहिलंस गं?"

"तीस."

"मी बत्तीस," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि मला तीन मुलं आहेत. धाकटा कॉलेजात जातो!"

त्यांनी तिथल्या तिथे ग्रुपवर आवाज रेकॉर्ड केला: "ज्यांची ज्यांची नऊवारी परफेक्ट बसलीय, त्या सगळ्यांनी यल्ला, चला, मीना बाजार, मास्टरजींकडे. मी वर बसलेय." बारा वाजेपर्यंत आम्ही दोघी धरून दहा जणी झालो. जिना भरला. प्रत्येक जण वर येऊन आधी ओशाळायची आणि मग हसायची. पुण्याच्या त्या शिवणाऱ्या बाईला बिचारीला वाटलं असेल, दुबईत सगळ्या नव्या नवऱ्याच राहतात.

हसून झाल्यावर प्रश्न होताच. शिवणीत माया जेमतेम इंचभर सोडलेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जांभळं कापड हुबेहूब तसं मिळणार नव्हतं. एक म्हणाली, हूक न लावता वरून शेला बांधू. दुसरी म्हणाली, फुगडीत सुटली तर बातमी होईल. तिसरीने पंजाबी ड्रेसवरच नाचू म्हटलं. गलका वाढला आणि मास्टरजी चहा मागवून शांत बसले.

मी साडी उलटी करून शिवण बघत होते. सवयीचं काम होतं ते. लॉटमध्ये एखादं खोकं वेगळं असलं तर मी ते बाजूला काढते. पण सगळा लॉटच तसा असला तर दोष खोक्यांत नसतो, दिलेल्या मापात असतो. मी म्हणाले, "जोड लपवायचा कशाला? दोन्ही बाजूंना डाळिंबी कापडाची निमुळती पट्टी, कळी, घालू. काठाच्या रंगाची. एकीलाच असली तर ठिगळ दिसेल. बारा जणींना असली तर डिझाइन."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "मास्टरजी, होगा?"

"होगा. कल दोपहर तक, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको मास्टरजी, टाइम बोलो."

"दो बजे," मास्टरजी म्हणाले, आणि मग हळूच, "इन्शाल्ला. एक जोड का तीस दिरहम."

"म्हणजे सातशे रुपये!" मागून कुणीतरी म्हणालं.

"खोटं बोलण्याचा दंड आहे तो," ताई म्हणाल्या. "भरा गुपचूप."

मास्टरजींनी वही उघडली, पेन्सिल कानामागून काढली आणि टेप पुढे केली. "लेकिन मॅडम लोग, इस बार माप सच्चा देना."

दहा जणी टेपकडे बघत होत्या, हात कुणाचाच पुढे येईना. रोज टेप कोण धरतं? मीच. मग मी ती घेतली, ओढणी काढून मुलीच्या हातात दिली आणि टेप कुर्त्यावरून बेंबीवर गुंडाळली. सवयीने पोट आत गेलं होतं. आकडा पस्तीस दिसला. पस्तीस तसं वाईट नव्हतं, सांगायला बरं होतं.

मुलगी माझ्या समोर उभी होती, माझी ओढणी गळ्यात, नजर टेपवर. आणि मला मदत म्हणून असेल, नाहीतर नुसती सवय म्हणून असेल, तिनेही श्वास रोखला होता. लिफ्टमधल्यासारखं तिचंही पोट आत होतं.

मला इतका राग आला की काय सांगू. तिचा नाही, माझा. कसले नऊ वर्षांचे श्वास मी त्या पोरीला रोखायला लावले होते! मी पोट सोडलं. टेप बोटांतून सरकत सरकत गेली आणि थांबली.

"अडतीस," मी म्हणाले. खणखणीत, कारखान्यात बोलते त्या आवाजात. "लिखिए मास्टरजी, अडतीस. और बैठने के लिए दो इंच ऊपर."

मग ताई उठल्या, माझ्या हातातून टेप घेतली. "बेचाळीस!" त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिहा." त्यानंतर रांगच लागली. छत्तीस, चाळीस, साडेएकोणचाळीस, आणि त्या साडेवर पुन्हा हशा. अकरावीने फोनवरून माप सांगितलं. मागाहून ती नवी नवरीही आली, खरी अठ्ठावीसवाली. ती म्हणाली, "मला पण कळी पाहिजे. मी एकटीच वेगळी दिसेन ना." मास्टरजींनी तिला शोभेपुरती दोन बोटांची पट्टी लावून दिली.

साड्या रविवारी दोनला मिळाल्या नाहीत, पावणेतीनला मिळाल्या. खेळ चारला होते. मी नऊवारी घातली, हूक लावले आणि खोल श्वास घेतला. हूक लागलेलेच राहिले. फुगडीला माझ्यासमोर ताई होत्या. हात गुंफले, पाय जुळवले आणि जी सुरुवात केली ती दोघींनाही थांबवेना. माझं पोट आपल्या पद्धतीने अर्ध्या सेकंदाने मागून येत होतं, ताईंचंही येत होतं. त्याकडे लक्ष द्यायला वेळच नव्हता. डाळिंबी कळ्या गरगर फिरताना म्हणे इतक्या सुंदर दिसत होत्या की नंतर एका बाईने ताईंना पुण्याच्या टेलरचा नंबर विचारला. ताईंनी शांतपणे सांगितलं, "स्पेशल ऑर्डर आहे. माप फार नीट द्यावं लागतं."

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. नवरा गाडी लावायला गेला, मुलगा त्याच्याबरोबर. मी आणि मुलगी लिफ्टमध्ये शिरलो. मी अजून नऊवारीत होते, गजरा सुटून खांद्यावर आलेला, तोंड लाल. दार बंद झालं. तिन्ही आरशांत मी पुढून, बाजूंनी, सगळीकडून होते.

मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हलक्या आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "आई, यू फरगॉट टू होल्ड इट इन."

"विसरले नाही गं," मी म्हणाले. "नाही धरलं."

ती विचार करत होती. तिसरा मजला गेला, चौथा गेला. मग तिच्या परकर-पोलक्याच्या आत काहीतरी हललं आणि मला मोठा सुस्कारा ऐकू आला. तिचं इवलंसं पोट, दुपारच्या पुरणपोळीने गोल झालेलं, पुढे आलं. सातव्या मजल्यापर्यंत आम्ही दोघी पोटं सोडून उभ्या होतो.